कोरं बोट

मतदानासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागणारी मी आमच्या ऑफिसातली पहिलीच बाई असेन. साहेबांनी कॉम्प्युटरवरून मान वर केली आणि फार सौम्यपणे समजावलं, की मुदतीआधीचं मतदान तुमच्या स्टेशनजवळच होतं, येता-जाता उरकता येतं, दहा मिनिटं पुरतात. मी म्हटलं, "तुम्हाला दहा पुरत असतील. मला अर्धा दिवस लागेल." रजा मंजूर झाली.

त्यांना काय सांगणार? वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यातलं पहिलं मत देणार होते. आणि ते जपानच्या संसदेसाठी.

माझ्यासारखीने इतकी वर्षं मत न देणं ही आमच्या घरात लाजिरवाणी गोष्ट होती, कारण माझे बाबा. जुन्नर तालुक्यातल्या शाळेत ते मास्तर होते, आणि निवडणूक आली की मास्तरांना ड्यूटी लागते हे सगळ्यांना माहीत आहे. बाकीचे मास्तर पाठदुखीचं सर्टिफिकेट शोधायचे. बाबा आदल्या दिवशीच धोतरजोडी, टॉर्च आणि दशम्या बांधून तयार. आधी ते बोटाला शाई लावणारे होते, मग केंद्राध्यक्ष झाले. तेव्हा मतपेट्या होत्या. सकाळी पहिलं मत पडायच्या आत पेटी उघडून सगळ्यांना दाखवायची असते. बाबा ती उलटी करायचे, बुडावर दोन थापा मारायचे, आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना म्हणायचे, "नुसतं बघू नका. हात घाला. कोपऱ्यात बघा." ही गोष्ट आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकली होती, की आई वाढता वाढता पुढची वाक्यं आधीच म्हणून टाकायची.

आणि अशा माणसाची मुलगी! पहिल्या निवडणुकीला माझी इंजिनिअरिंगची परीक्षा होती, दुसऱ्या वेळी मी बंगळुरात, आणि तिसरी यायच्या आत जपानला आले. बाबा पाहुण्यांसमोर सुनवायचे, "अख्ख्या तालुक्याच्या बोटांना मी शाई लावली. माझ्या घरातलं एक बोट मात्र कोरं."

हे ते हसत म्हणायचे. दीड वर्षापूर्वी ते हसायचे थांबले.

दीड वर्षापूर्वी मी जपानचं नागरिकत्व घेतलं. सहज म्हणून घेतलं नाही. वीस वर्षं मी ग्योतोकु नावाच्या उपनगरात राहतेय, लेक इथेच जन्मली, इथेच हायस्कूलला गेली. तिच्या शाळेजवळच्या चौकात सिग्नल नव्हता. सायकलवरून पडून एका मुलाचा हात मोडला, तेव्हा आम्ही काही आया पालिकेच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो. समोरच्या बाईंनी अर्ज दोन्ही हातांनी घेतला, वाकून आभार मानले आणि सगळ्यांना म्हणाल्या, "आपापल्या लोकप्रतिनिधींशीही बोला." बाकीच्या आयांनी माना डोलावल्या. मला लोकप्रतिनिधीच नव्हता. घरी येताना मला असा संताप आला, की सायकल हातात धरून चालतच आले. कर भरायचा, कचरा सात प्रकारांत वेगळा करायचा, भूकंपाच्या सरावात हेल्मेट घालून टेबलाखाली बसायचं, आणि सिग्नल मात्र दुसऱ्यांनी मागायचा!

नवऱ्याने अर्ज केला नाही. त्याची बँक उद्या त्याला मुंबईला परत बोलावू शकते, आणि त्याचं म्हणणं, घरात एक तरी तिकडचा राहू दे. मी केला. भारतात दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, म्हणून जुना पासपोर्ट परत द्यावा लागला. ते मी बाबांना फोनवर सांगितलं.

"परत दिलास?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"आईला देतो," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

तेव्हापासून दर रविवारी तेच. "बरी आहेस ना? आईला देतो." भांडले असते तर मी सुखाने भांडले असते, मला ते छान जमतं. पण त्यांनी माझ्यासाठी दोन वाक्यं ठरवून टाकली होती आणि तिसरं काही केल्या यायचं नाही. आई म्हणायची, "थांब गं, होईल सगळं." दीड वर्ष मी थांबले होते.

अशात निवडणूक जाहीर झाली.

इथला प्रचार मी वीस वर्षं पाहिला होता, पण पाहुण्याने दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तसा. आता मी घरची होते. पहिल्याच दिवशी चौकातल्या लाकडी फळीवर पोस्टरं लागली. प्रत्येक उमेदवाराला आखून दिलेला चौकोन, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. मी सायकल लावून, एकेक पोस्टर वाचत, स्थळं बघावीत तशी उभी राहिले. हा जरा जास्तच हसतोय. हिचं म्हणणं बरं दिसतंय, पण पाळणाघराबद्दल एक शब्द नाही. मागून लेक आली, माझ्याकडे पाहिलं, "हाझुकाशी!" म्हणाली आणि सायकल दामटत पुढे गेली. आईची लाज वाटली की ती जपानीतच बोलते.

प्रचाराची गाडी गल्लीतून जायची. छतावर भोंगे, खिडकीतून पांढरे हातमोजे घातलेले हात हलतायत, आणि एक बाई मंजुळ आवाजात उमेदवाराचं नाव घेतेय, पुन्हा तेच नाव, पुन्हा तेच, आणि मग "त्रास देतोय, क्षमा करा." नवरा बाल्कनीतून ऐकत म्हणाला, "अगं, हे क्षमा कसली मागतात? आपल्याकडे कसं, ताई-माई-अक्का, विचार करा पक्का!" मी मात्र बाल्कनीतून हात हलवला. गाडीतल्या बाईने मला पाहिलं आणि भोंग्यावरून म्हणाली, "बाल्कनीतून हात हलवणाऱ्या ताई, मनापासून आभार!" अख्ख्या सोसायटीने ऐकलं. मी आत जाऊन आनंदाने पाणी प्याले.

पण स्टेशनवर वेगळंच घडलं. सकाळी जिन्याच्या तोंडाशी उमेदवार छातीवर नावाचा पट्टा लावून प्रत्येकाला वाकून नमस्कार करत उभा असतो, आणि त्याची माणसं पत्रकं वाटत असतात. मी पुढे गेले. एका बाईने माझ्या पुढच्या माणसाला पत्रक दिलं, मग मला पाहिलं, गोड हसली, हात आखडला आणि माझ्या मागच्याला दिलं. वीस वर्षं हेच चाललं होतं आणि वीस वर्षं ते बरोबरच होतं. त्या दिवशी मात्र माझं डोकं सटकलं. मी वळले, मागच्या गर्दीला धक्के देत परत गेले आणि म्हटलं, "मलाही द्या. मला मत आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि बिचारी इतकी ओशाळली, की तिने तीनदा वाकून एकाऐवजी चार पत्रकं माझ्या हातात दिली. उमेदवार स्वतः धावत आला. दोन्ही हातांत माझा हात धरून म्हणाला, "काही अडचण असेल तर सांगा." मी सिग्नलचं सांगितलं. चांगलं पाच मिनिटं सांगितलं. मागे लोकांना वळसा घालून जावं लागत होतं, आणि माझी ट्रेन गेली. पुढचे दोन दिवस मी हाच उद्योग केला. प्रत्येक पक्षाकडून हक्काने पत्रक मागून घेतलं, आणि प्रत्येकाला सिग्नल सांगितला.

जेवायच्या टेबलावर मी ती पत्रकं पसरून वाचत बसले. अडलेले शब्द लेक सांगायची. मला कपाळाला आठ्या घालून वाचताना पाहून तिलाही गंमत वाटायला लागली असावी, कारण शेवटी तिने मराठीत विचारलं, "मग आई, कोणाला देणार?"

"मतदान गुप्त असतं," मी म्हटलं. बाबांनी आयुष्यभर आईलाही सांगितलं नव्हतं.

मतदान रविवारी होतं, पण त्या रविवारी मी ज्या बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळते तिची सगळी सिस्टीम बदलायची होती आणि मला ऑफिसात हजर राहणं भाग होतं. इथे त्याची सोय आहे. आधी जाऊन, छापील यादीतल्या कारणापुढे खूण करून मत देता येतं. आमच्या स्टेशनजवळच्या सभागृहात हे केंद्र शेवटच्या आठवड्यात उघडणार होतं, सकाळी दहाला. उघडायच्या पहिल्याच दिवशी मी पावणेनऊला तिथे पोचले. कडाक्याची थंडी होती. हातात फाइल होती: मतदानाचं कार्ड, नवा पासपोर्ट, नागरिकत्वाचा कागद, विमाकार्ड, विजेचं बिल, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. सरकारी दारात मोकळ्या हाताने जायचं नाही, हे आपल्या रक्तातच आहे.

वाटलं होतं, पहिला नंबर माझाच. पण दाराशी एक आजोबा घडीच्या स्टुलावर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, कानटोपी, मांडीवर वही.

"आठपासून आहे," ते अभिमानाने म्हणाले. "प्रत्येक निवडणुकीत मीच पहिला असतो."

"का?" मी विचारलं.

त्यांनी वही उघडली. पानोपानी तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलीने काढलेलं एक छोटं शून्य. "जो पहिला आत जातो, त्याला पेटी रिकामी आहे का ते बघायला देतात," ते म्हणाले. "तो बघतो, मगच कुलूप लागतं. बाकीच्यांना नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. इतकी वर्षं या देशात राहून मला हे माहीत नव्हतं. "माझे वडील हेच करायचे," मी म्हटलं, "पण दुसऱ्या बाजूने. ते पेटी दाखवायचे."

मग मी थांबेचना. पेटी उलटी करणं, बुडावरच्या दोन थापा, कोपऱ्यात घातलेला हात, बोटाची शाई, सगळं सांगितलं. आजोबांनी बारीकसारीक विचारलं. शाई किती दिवस राहते? थापा का? मी म्हटलं, काही चिकटलं असेल तर पडावं म्हणून. "अस्सं," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून हात शेकायची गरम पुडी काढून मला दिली. "वडिलांना आज सांगणार असाल."

"ते माझ्याशी बोलत नाहीत," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मराठीत हे वाक्य मी नवऱ्यासमोरही कधी उच्चारलं नव्हतं. "मी पासपोर्ट बदलला म्हणून."

आजोबांनी वही मिटली. आमच्या मागे पाच-सहा माणसं जमली होती. दहा वाजायला एक मिनिट असताना दार उघडलं, बिल्ला लावलेला कर्मचारी बाहेर आला आणि म्हणाला, "पहिले कोण?"

आजोबा उठले, स्टूल मिटलं, आणि अचानक खाली वाकले. "माझ्या बुटाची नाडी सुटली," ते म्हणाले. "या बाई पहिल्या."

त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या. चिकटपट्टीचे बूट होते. कर्मचाऱ्यानेही ते पाहिलं, मीही पाहिलं. ते वाकलेलेच राहिले, आणि मी आत गेले.

फाइलचं कोणी नाव काढलं नाही. कार्ड घेतलं, नाव तपासलं, संपलं. मी पासपोर्ट पुढे केला तर टेबलावरच्या मुलीने तो वाकून परत दिला. मग मला पेट्यांपाशी नेलं. चकचकीत धातूच्या तीन पेट्या ओळीने ठेवलेल्या. एक उमेदवारासाठी, एक पक्षासाठी, एक सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांना पदावर ठेवायचं की नाही, त्यासाठी. कर्मचाऱ्याने एकेकीचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "कृपया खात्री करा."

मी वाकले. आत काही नव्हतं. धातूचा तळ, त्यात अंधुक दिसणारं माझं तोंड, आणि चार कोपरे. काहीही नसलेली जागा बघून इतकं भरून येईल असं मला वाटलं नव्हतं. जुन्नरच्या कुठल्याशा शाळेत, थंडीत, बाबा पेटीवर थाप मारतायत असंच वाटलं. तिन्ही पेट्या पाहिल्या. "रिकाम्या आहेत," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच. कुलपं लागली. मागून आजोबा मान उंचावून बघत होते.

इथे उमेदवाराचं नाव पेन्सिलीने स्वतः लिहायचं असतं. पेन्सिलीने! खोडता येईल की, असं मनात आलं, पण लिहिलं. कागद असा गुळगुळीत, की घडी घातली तरी सोडल्यावर आपोआप उलगडतो. पहिली पेटी, दुसरी, तिसरी. झालं.

शेवटच्या टेबलापाशी एक गृहस्थ बसले होते. मी सवयीने, म्हणजे जी सवय मला कधी लागलीच नव्हती त्या सवयीने, डाव्या हाताचं पहिलं बोट त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी बोटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "दुखतंय का?" त्यांनी काळजीने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत खालून प्रथमोपचाराची पेटी काढली. आता काय सांगणार? मला हसू आवरेना आणि डोळे तर आधीच भरलेले, त्यामुळे त्यांना वाटलं, फारच दुखतंय. त्यांनी माझ्या बोटाला नीट, दोन्ही कडा दाबून बँडेड लावलं आणि म्हणाले, "काळजी घ्या."

बाहेर येऊन सायकल-स्टँडपाशी मी फोन लावला. निवृत्तीनंतर आई-बाबा पुण्यात राहतात; तिथे पावणेसात होत आले होते. बाबा नेमके याच वेळी फिरून येतात, आणि आई तेव्हा आंघोळीला असते, हे मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या कुणाकडे फोन देता येऊ नये म्हणूनच मी ती वेळ गाठली होती.

"बरी आहेस ना?" बाबा म्हणाले. "आईला... ती आंघोळीला गेलीय."

"बाबा, मी मत दिलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"आत्ताच दिलं. पहिला नंबर होता माझा. इथे पहिल्याला पेटी दाखवतात. रिकामी."

"तुला दाखवली?" त्यांनी विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदाच आलेलं तिसरं वाक्य.

"हो. तीन पेट्या होत्या."

"कुलूप तुझ्यासमोर लावलं?"

"माझ्यासमोर."

"शाई?"

"शाई नसते इथे. मी बोट पुढे केलं तर त्यांना वाटलं लागलंय. बँडेड लावलं, बाबा."

आधी वाटलं फोन कट झाला. मग कळलं, ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत हसतात ते, आणि शेवटी खोकला येतो, तसा तो आला. मी सायकलींच्या रांगेत उभी राहून बँडेडच्या बोटाने डोळे पुसत होते आणि येणारे-जाणारे सभ्यपणे दुसरीकडे बघत होते.

खोकला थांबल्यावर त्यांनी घसा साफ केला. आवाज बदलला. तो केंद्राध्यक्षांचा आवाज होता.

"हात घातलास का आत? कोपऱ्यात बघितलंस?"

"नाही, बाबा. नुसतं वाकून पाहिलं."

"नुसतं बघून कळत नाही," बाबा म्हणाले. "पुढच्या वेळी हात घालून बघ."